मोजणीबाईंनी सोडलेली बाजू

गुडघे गेले तेव्हा मोजणीबाईंनी टेप गुंडाळून ठेवली आणि हद्दीच्या भांडणात लोकांची बाजू लवादापुढे मांडायला सुरुवात केली. जमिनीची जाण होती, जिभेला धार होती. कामं चालून येत. त्यांचा शिरस्ता एकच. पक्षकारासाठी हिरिरीने भांडायचं, पण खोटं आहे हे ठाऊक असलेलं लवादाला खरं म्हणून सांगायचं नाही.

शिंप्याचं प्रकरण सोपं वाटत होतं. त्याच्या दुकानाची मागची भिंत आपल्या जागेत दोन फूट घुसली आहे, अशी शेजारच्या छापखानावाल्याची तक्रार होती. शिंप्याची सगळी भिस्त बावीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर. तो जागेच्या आधीच्या मालकाने करून घेतलेला, त्यावर मोजणाऱ्याचं नाव नव्हतं. सुनावणीच्या चार दिवस आधी मूळ मोजणीवही हाती आली. बाईंनी पान उलटलं. अक्षर त्यांचंच होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्या मोजणीच्या दिवशी छापखान्याच्या फाटकाला कुलूप होतं. पुन्हा खेप नको म्हणून मागचा कोपरा त्यांनी अंदाजाने टिपला होता.

त्यांनी शिंप्याला बोलावून सगळं सांगितलं.

"हे आपल्या दोघांतच आहे ना?" शिंपी म्हणाला. "मग झाकली मूठ राहू द्या."

"हा नकाशा बरोबर आहे असं मला आता म्हणता येणार नाही. शिवाय मोजणारीही मी आणि बाजू मांडणारीही मी, हे चालत नाही. दुसरा माणूस बघून देते."

"ऐन वेळी?"

"आपलं बोलणं बाहेर जाणार नाही. पण माझी चूक मला कळवावीच लागेल."

शिंपी पिशवी उचलून निघून गेला. बाईंनी त्याच दुपारी मोजणीदारांच्या संघाला पत्र लिहिलं.

"कुणी विचारलं होतं का तुला?" नवरा एवढंच म्हणाला आणि पाटावरून उठला.

फेरमोजणी झाली. भिंत खरोखरच पुढे आलेली निघाली आणि पाडली गेली. बाईंचा मोजणीचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. शिंप्याने कापडं बेतायचं टेबल घरात आणलं, त्याच्या आजारी आईची खाट स्वयंपाकघरात सरकली.

बाई एकदा भेटायला गेल्या. तो मशीनवरून उठला नाही.

"खरं बोललात, बाई," तो म्हणाला. "पण खरं मोजलं असतंत, तर मी भिंत तिथे बांधलीच नसती."

आतून म्हातारीच्या खोकण्याचा आवाज येत होता. बाई दारातच उभ्या होत्या. बसा, असं कुणी म्हटलं नाही.