पुढे सरकवलेला वाडगा

माझी थोरली बहीण तीस वर्षं चिनी भिक्षूंचे नियम वाचत बसली. मठात कुठे बसायचं, कधी बोलायचं, कसं जेवायचं, सगळं तिला तोंडपाठ. गल्लीतला इस्त्रीवाला तिला ‘भिक्षूबाई’च म्हणायचा. सगळे हसायचे, माझं मात्र डोकं फिरायचं. विद्यापीठात तिच्या मागून आलेले दोघे प्राध्यापक झाले, आणि ही अजून जिन्याखालच्या खोलीत, जिथे कपाट उघडायचं तर आधी खुर्ची बाहेर काढावी लागे! विभागप्रमुखांचं एकच पालुपद: "आधी पुस्तक येऊ द्या, मग बढतीचं बघू."

अखेर पुस्तक छापायला गेलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याच सुमारास रजा मिळाली आणि ताई आयुष्यात पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या चिनी मठात आठवडाभर राहिली. आजवर तिला तेवढी रजाच कुणी दिली नव्हती.

तिथे जेवताना कुणी बोलत नाही. जे सांगायचं ते वाडग्याने. वाडगा पुढे सरकवला की ‘पुरे’, असं ताईने जुन्या पोथ्यांवरून अख्खं प्रकरण लिहून सिद्ध केलं होतं. पोट भरल्यावर तिने ऐटीत वाडगा पुढे सरकवला. वाढपी भिक्षूने तो काठोकाठ भरला. टाकायची सोय नाही. तिने कसाबसा संपवला, पुन्हा सरकवला. पुन्हा भरला! तिसऱ्या खेपेला उजेड पडला: वाडगा पुढे म्हणजे ‘आणखी वाढा’.

परतल्यावर तिने बॅगही न उघडता प्रकाशकाला फोन केला. "छपाई थांबवा. प्रकरण चुकलंय."

"अगं, कुणाच्या बापाला कळणार आहे?" मी ओरडलोच. "आधी प्राध्यापक हो, मग जोड काय ते शुद्धिपत्र!"

"मला कळलंय ना," ती म्हणाली.

प्रकरण नव्याने लिहिण्यात चार महिने गेले, आणि बढतीही गेली. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. "आता वेळच वेळ," विभागप्रमुख म्हणाले.

त्या दिवशी जेवताना माझी बडबड चालूच होती. दैव देतं आणि कर्म नेतं, वगैरे. ताई खाली बघून जेवत होती. मधेच तिने ताट पुढे सरकवलं. मी ते उचलून सिंकमध्ये ठेवलं.

"अरे, मला अजून हवं होतं," ताई म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.