साठ मीटरवरची खुर्ची

क्रेनवाल्या काकांनी बावीस वर्षांत एकही लोखंडी तुळई चुकीच्या जागी टेकवली नव्हती. साठ मीटर उंचीवरची ती केबिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण दीड वर्षापासून त्यांचे डोळे दिवसाढवळ्या मिटायला लागले. कारण काकूंना पाठ होतं. "तुम्ही झोपता कुठे? नुसते घोरता. मध्येच श्वास बंद पडतो आणि मी बसते मोजत!" काका ते हसण्यावारी न्यायचे. नवरे मंडळींची ही खोड जुनीच.

खालचा मुकादम वॉकीटॉकीवर जे सांगेल, ते क्रेनवाल्यानं तसंच परत म्हणून दाखवायचं, हा कामाचा नियम. एका दुपारी मुकादम म्हणाला, "हूक खाली सोडा." उत्तरादाखल आलं ते घोरणं. काकांचा अंगठा बटणावरच राहिला होता, त्यामुळे अख्ख्या साइटनं ते ऐकलं. लोक पोट धरून हसले. इंजिनिअरबाई मात्र हसल्या नाहीत. हूक रिकामा होता म्हणून निभावलं. "डॉक्टरांचं पत्र आणा, मगच वर," असं सांगून त्यांनी काकांना हेल्मेट वाटायला बसवलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. अंगाला तारा लावून झोपेची तपासणी झाली. टाळूचा मागचा मऊ भाग सैल पडून श्वासाची वाट अडवत होता. "त्रास अजून सौम्य आहे. कापाकापी नको, सुईनं आतून शेक देऊन तो भाग घट्ट करू," डॉक्टर म्हणाले, "पण सगळ्यांनाच गुण येतो असं नाही हं." साठ मीटरवर न डगमगणारे काका सुई बघून घामाघूम झाले. जागा बधिर करून अर्ध्या तासात काम उरकलं आणि ते त्याच दिवशी घरी आले. असं दोनदा झालं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, श्वास आता अडत नव्हता, आणि पत्र हातात पडलं. काकूंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

इंजिनिअरबाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी मुद्दाम जेवणानंतरची वेळ निवडली आणि सगळ्यांत जड तुळई काढली.

"डावीकडे दोन बोटं," मुकादम म्हणाला.

"डावीकडे दोन बोटं," काका खणखणीत आवाजात म्हणाले.

तुळई खांबावर अशी नेमकी टेकली की बोल्ट हातानं आत गेले. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. वर काकांचे डोळे भरून आले.

"काका, जिंकलंत! उतरा आता, चहा घ्या," बाई म्हणाल्या.

"इतक्यात कसला चहा, बाई? आत्ता कुठे वर आलोय. पुढची लावा!"