हर्षाच्या लेकीची तपासणी

हर्षा आणि मी इतवारीतल्या एकाच कापडाच्या दुकानात आहोत. ती ब्लाउजपीस दाखवते, मी गल्ल्याशेजारी बसून बिलं करते. माझं तोंड फटकळ आहे असं मालकाचं मत, म्हणून मला गिऱ्हाइकापासून लांब ठेवलंय. हर्षाचं तसं नाही. तिच्यासमोर बसलेली बाई एक घ्यायला येते आणि चार घेऊन जाते. नवरा सुशील बुटीबोरीच्या सूतगिरणीत पाळीवर, त्यामुळे घरचं-दारचं सगळं तिच्याच गळ्यात. लेक एकच, गुंजन. नववीत.

ही गुंजन बोलायला लागली की ऐकत राहावं. एकदा कानावर पडलेली गोष्ट शब्दाला शब्द सांगते, मध्ये टीव्हीवरची जाहिरात आली असेल तर तीसुद्धा. पण पुस्तक समोर आलं की पोरगी मुकी. एक ओळ लावायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझी दोन बिलं होतात. आठवीपर्यंत मास्तरांनी तिला ढकलत वर नेलं. हर्षानं एक ट्यूशन लावली, दुसरी लावली, नवस केले, दोन-चारदा बदडलंही. नववीत मिनल मॅडम नावाची नवी शिक्षिका आली. पोरगी ढ नाही, तिची अडचण वाचण्या-लिहिण्याची आहे, हे पहिल्यांदा तिनं सांगितलं. सरकारी दवाखान्यात तपासणी करून प्रमाणपत्र आणा, म्हणाली, मग दहावीला लेखनिक मिळेल, वेळही जास्त मिळेल.

मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला शेपूट जोडलं. प्रमाणपत्र आणा, नाहीतर दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे शाळेतून नाव काढा आणि परीक्षेला बाहेरून बसा. या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो, तो असा. नापास होणारी पोरं आधीच दाराबाहेर काढली की आत उरतात ती पासच.

हर्षा कामाला लागली. आधी डोळे, मग कान, मग बुद्धीची चाचणी. आज साहेब रजेवर, उद्या मशीन बंद, परवा शाळेचा शिक्का फिका आला म्हणून परत शाळेत. प्रत्येक खेपेला मालकाची बोलणी वेगळी. बुद्धीच्या चाचणीत गुंजन चांगली हुशार निघाली. आता वाचन-लेखनाची तपासणी तेवढी राहिली. त्याची तारीख घ्यायला हर्षा गेली, तेव्हा आतून एक मुलगा तपासणी आटपून बाहेर आला. आणि परीक्षेच्या हॉलबाहेर उभी असलेली आपल्याकडची कुठलीही आई जे करते तेच हिनं केलं.

"काय आलं रे बेटा आतमदी?"

त्यानं सांगून टाकलं. चौथीच्या पुस्तकातला विहिरीचा धडा वाचायला देतात, आणि लिहायलाही त्यातलंच सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाई खुशीत.

"पेपर फुटला समज," मला म्हणाली. "हा धडा आता घोटूनच घ्याचा तिच्याकडून."

"अवं, डोकं फिरलं का तुहं?" मी म्हटलं. "तिले वाचता येत नाही, हेच तं पाहून राहिले ना ते!"

"एकदमच आलं नाही तं मंदबुद्धी लिहून देतील. मंग? थोडं तं येते असं दिसलं पाहिजे ना बापा. आन् डॉक्टर काय म्हणन, मायनं काही शिकवलंच नाही?"

मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिनं ठाण उलगडलं, चांगली बाजू वर करून.

तपासणीच्या दिवशी गुंजन नवा ड्रेस घालून, चापूनचोपून वेणी घालून गेली आणि तिनं तो विहिरीचा धडा घडाघडा म्हणून दाखवला. थोडं नाही, सगळा. लिहायच्या ओळीही घोटलेल्या होत्या, त्या तिनं जशाच्या तशा उतरवल्या. खोटं का होईना, लेक असं वाचताना हर्षानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिथंच तिला रडू फुटलं. येताना तिनं गुंजनला पाणीपुरी खाऊ घातली, सुशीलला फोन करून सांगितलं, आणि दुकानात आम्हालाही पेढे वाटले. मी पेढा घेतला, खाल्ला नाही.

रिपोर्ट आला: वाचन-लेखन व्यवस्थित, अक्षमता नाही. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच दिवशी सतरा नंबरचा विषय काढला.

हर्षा धावत दवाखान्यात गेली. मॅडम, मीच पाठ करून घेतलं होतं, म्हणून हात जोडले. तपासणाऱ्या मॅडम हसल्या.

"आधी येतं म्हणून दाखवायचं, आता येत नाही म्हणून. सवलतीसाठी आईबाप काय काय करतात, आम्हाला ठाऊक आहे."

शेवटी मिनल मॅडमनं पत्र दिलं, स्वतः दोन चकरा मारल्या, तेव्हा कुठं दुसरी तारीख मिळाली. शेवटची संधी, असं बजावून. आदल्या दिवशी हर्षानं गुंजनला माझ्यासमोर सांगितलं, "या टाइमाले काही पाठ करू नको वं. जसं येते तसं वाच. चुकलं तं चुकू दे." गुंजननं मान हलवली.

मी सोबत गेले. हर्षा आत, मी दारात. तपासणाऱ्या मॅडमनी मुद्दाम त्याच चौथीच्या पुस्तकाच्या मधलं भलतंच पान काढलं. गुंजननं वरचं चित्र पाहिलं, बोट ठेवलं आणि सुरू झाली. न अडखळता, सुरात. बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर. मॅडम मान खाली घालून फाइलमध्ये लिहीत होत्या.

"थांब वं, थांब!" हर्षा ओरडली.

"मॅडम, तिचं बोट पाहा!" मीही ओरडले.

"तुम्ही कोण? बाहेर व्हा," मॅडम म्हणाल्या. "आणि आई, मुलगी वाचत असताना तिला अडवता? लाज वाटत नाही?" त्यांनी फाइल मिटली. लिहायला सांगितलंच नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाला धरून बडवावं कळेना, त्या मॅडमला, हर्षाला की त्या शंभर टक्केवाल्या शाळेला.

बाहेर व्हरांड्यात गुंजन आईचा हात धरून उड्या मारत होती.

"आई, पप्पाच्या मोबाइलवर सगळे धडे आहेत. रोज ऐकत होती मी. आख्खं पुस्तक पाठ केलं! कोणतंही पान काढलं असतं तरी आलं असतं. मागच्या टाइमाले किती खुश झाली होती ना तू?"

हर्षानं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. पण तिनं ओढणीनं लेकीच्या कपाळावरचा घाम पुसला.

"चांगलं वाचलं वं, बेटा," ती म्हणाली.

गुंजन खुलली. आणि तिनं विचारलं, "मंग आता शाळेतून नाही काढणार ना मले?"