पालथा डबा

आठ महिन्यांची आमची लेक गेली आणि मी देवाशी अबोला धरला. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा पांढुर्ण्याला राहत होतो. मी शाळेत शिकवायची, नवरा तिगाव स्टेशनवर रेल्वेत होता. आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे आणि रविवारी डबा उपासनेला न्यायचा. ज्याच्या घरी चूल पेटत नसेल, त्याच्याकडे ते धान्य जायचं. देवाचा चांगुलपणा आपल्या हातून लोकांपर्यंत पोचतो, याचा मला जरा तोराच होता म्हणा ना. लेकीला माती दिली त्याच आठवड्यात मी तो पत्र्याचा डबा रिकामा केला, धुतला आणि फळीवर पालथा घातला. ज्यानं माझं लेकरू नेलं, त्याला मी काहीच देणार नव्हते. स्वभावानं मी पहिल्यापासून हट्टी.

थंडीच्या सुरुवातीला मला मुदतीचा ताप भरला. नवऱ्याची ड्यूटी सुटेना, तेव्हा शेजारच्या शेवंताबाई धावून आल्या. त्या बौद्ध, दिवसभर कापूस वेचायला जायच्या, आणि आल्या की आधी आमची चूल पेटवायच्या. मला मात्र कोण येतं, कोण जातं, याची शुद्ध नव्हती. रस्त्यावर संत्र्यांच्या गाड्या भरत असायच्या. तो वास खिडकीतून आत यायचा आणि वाटायचं, मी बागेतच निजले आहे, लेक कुशीत आहे, झाडं हळूहळू वर तरंगताहेत. मग दिवेलागणीला एक आवाज यायचा. पत्र्यावर दाणे ओघळल्याचा, अगदी हलका. तो आला की छातीवरचं ओझं उतरायचं. ताप हटला नाही तर नागपूरला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला जगण्याची हौस उरली नव्हती. पण उद्या तो आवाज पुन्हा ऐकायचाय, एवढ्यासाठी मी घोटघोट पेज गिळायची.

ताप उतरला तशी एका संध्याकाळी भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले. डबा सरळ ठेवलेला होता आणि काठोकाठ भरला होता. वरवर सगळी ज्वारी, हात घातला तर खाली तांदूळ. आमच्या घरात तर ज्वारी नव्हतीच.

"हे कोणी भरलं?" मी विचारलं.

चुलीपुढे बसलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, "मीच टाकून राहिली होती बाई. तुमी रोज सैपाकाच्या आधी टाकता, हे पायलं होतं मी. डबा पालथा दिसला, म्हटलं धुऊन वाळू घातला असन, अन् तुमी बिमार पडल्या. तुमचा नेम कायले मोडाचा? तांदूळ सरले, तं माह्या घरची जवारी टाकली."

त्या धान्याचं पुढं काय होतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली. डबा मी देवावरच्या रागानं पालथा घातला होता, हे त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी चुलीत काटक्या सारल्या. मग म्हणाल्या, "लेकरू गेल्यावर माय रागावनच ना. तुमच्या देवाले समजत असन."

मी तिथंच खाली बसले आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. शेवंताबाईंनी मला रडू दिलं, डाळ उतरवली आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मी हात आखडला तेव्हाही देवाचा हात माझ्याच स्वयंपाकघरात चालू होता. कापूस वेचून बोंडांनी ओरबाडलेला तो हात रोज माझ्याजवळ होता आणि मी ओळखत नव्हते. दाण्यांच्या आवाजाला कोणी चमत्कार म्हणावं की नाही, हे मी आजही ठरवलेलं नाही. मी त्या आवाजावर जगले, एवढं मला माहीत आहे.

त्या रविवारी उपासनेत पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मागायला काही सुचेना. आधी शेवंताबाईंसाठी देवाचे उपकार मानले. मग दफनानंतर कधी न उच्चारलेलं लेकीचं नाव मी सगळ्यांसमोर घेतलं आणि म्हणाले, "बापा, ती तुझ्याजवळ आहे. राहू दे."