पहिल्या बेसवरची काठी

२१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार, वसमत. सकाळी गारठा. नळाला पाणी आले नाही. सुकन्याची आज निवड चाचणी. एक जरी बाल्क झाला तर नाव कापणार, असे कॉलेजचे क्रीडाशिक्षक रत्नपाल सर यांनी तिला बजावले आहे.

सुकन्या हट्ट्याच्या मेंढपाळाची मुलगी. एसटीने इथे कॉलेजला येते. बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकते. नेम पक्का. खोड एकच, टाकता टाकता हात थांबतो. मेंढरू भरकटले की दगड नुसता उगारायचा, टाकायचा नाही. तेवढ्याने ते वळते. हीच सवय खेळात उतरली. त्याला तिथे बाल्क म्हणतात. नियमपुस्तक इंग्रजीत आणि मी इंग्रजीची जुनी शिक्षिका, म्हणून सरांनी तिला माझ्याकडे धाडले.

अंगणात मी ह्यांची काठी उभी केली. हे जाऊन चार वर्षे झाली.

"हा पहिल्या बेसवरचा, म्हणजे पहिल्या टप्प्यावर उभा असलेला, धावपटू. तो असताना आधी पूर्ण स्थिर व्हायचे. एकदा टाकायला लागलीस की मग थांबायचे नाही. थांबलीस तर तो फुकटात पुढच्या बेसवर."

"आन् बेसवर कुनीच नसल्यावर?"

"मग बाल्कच नाही."

"आजी, ही काठी लई टक लावून बघून राहिली माझ्याकडं."

"काठीच ती. टाक."

पंधरा दिवसांत खोड गेली.

आज पाच वाजता ती आली. निवड झाली होती, पण तोंड उतरलेले.

"शेवटच्या चेंडूला हात थांबला, आजी. सर वरडले, 'बाल्क! जा आता, मेंढरं राख.' पन बेस समदे रिकामे व्हते. गुण लिहिनाऱ्या बाईंनी वही दाखवली, तवा सरांनी शब्द मागं घेतला."

"बेस रिकामे, तर सरांनी बाल्क दिलाच कसा?"

तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले.

"सरांनी मला बाजूला घेतलं. म्हनले, पहिल्या बेसवर ते धोतरवालं म्हातारं कोन व्हतं? हळूहळू पुढं सरकून राहिलं व्हतं."

"आणि तू काहून थांबलीस?"

"मलाबी दिसलं म्हनून."

तिला पोहे दिले. तिने अर्धेच खाल्ले आणि साडेपाचच्या बसने गेली.

काठी कालपासून दाराआड होती. दिवा लावताना हातात घेतली. टोकाला मैदान आखायची पांढरी फक्की लागली होती. ओल्या फडक्याने पुसून ठेवली.