सुमतीअक्कांचं मागचं दार

कुणाचा कॉम्प्युटर सुरू होत नाही असं कळलं, की सुमतीअक्कांना उत्साह चढायचा. चिरत असलेली भाजी तशीच टाकून, चष्मा शोधत त्या निघायच्याच. इंदिरानगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी उभा जन्म काढला होता. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतील याचा नेम नसे.

मी पुण्याहून नवीनच आले होते. पहिल्याच भेटीत कॉफी पुढे करत त्यांनी विचारलं, घराला मागचं दार असतं तसं तुझ्या लॅपटॉपला आहे का? मला प्रश्नच कळला नाही.

कळला तो एका शनिवारी सकाळी. रात्रीत काहीतरी अपडेट झालं होतं आणि लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकासाठी काढलेली माझी सगळी चित्रं त्यातच होती, दुसरीकडे कुठेही नव्हती, आणि सोमवारी द्यायची होती. अक्का मात्र पेनड्राइव्ह घेऊन लग्नघरी निघाल्यासारख्या आल्या.

लॅपटॉप आपला आपण जागा होत नाही, तर त्याला या पेनड्राइव्हवरून जागं करायचं, हेच ते मागचं दार, एवढं सांगून त्या शेजारी बसल्या. कळा त्या सांगत, दाबायच्या मी. पडद्यावर निळं पान उमटलं. दुरुस्तीचा पर्याय समोरच होता. मी तिकडे वळले, तर अक्कांनी मनगट धरलं.

“स्वल्प थांब. घराला आग लागली तर आधी माणसं बाहेर काढतात. भिंती मग.”

म्हणून आधी चित्रं. एकेक फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरत होती आणि अक्का नावं मोठ्यांदा वाचत होत्या: बेडूक, फुप्फुस, चुंबक. मग दुरुस्ती करून पाहिली, जमली नाही. “सरी, बरं, दुसरं बघू,” म्हणत त्यांनी रात्रीचं अपडेटच काढून टाकायला लावलं. लॅपटॉप सुरू झाला. मी आनंदाने उठले, तोवर त्यांनी आपला पेनड्राइव्ह काढून कमरेला खोचलासुद्धा. हा माझा, म्हणाल्या. तुझा तू तयार कर, आणि लॅपटॉप धडधाकट आहे तोवर त्यावरून सुरू करून बघ.

“उघडून न पाहिलेलं दार म्हणजे भिंतच, मुली.”

आणि गेल्या.

अक्का आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला त्याच शनिवारी दुपारच्या अक्का दिसतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणून मी एकटीने सगळं केलं. निळं पान आलं तसा लॅपटॉप उघडाच धरून बाहेर धावले. अक्का जिन्यातच उभ्या होत्या, जेवायच्याही थांबलेल्या. पडदा पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग खालून भाजीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना अडवून त्या कन्नडमध्ये सांगू लागल्या, हे हिने केलं, एकटीने केलं. काय केलं ते त्या बाईंना काहीच कळलं नाही, पण अक्कांचा चेहरा पाहून त्याही हसायला लागल्या.