बोट अडकलं पाहिजे

माझ्या वडलांची, आण्णांची, मोटरसायकल खंडेनवमीनं खाल्ली, असं मी म्हणते तेव्हा आई कानावर हात ठेवते. पण खरं ते खरं. आमच्याकडं, कवठे महांकाळ भागात, खंडेनवमीला सगळी औजारं आणि गाड्या धुऊन पुजतात. धुवायच्या म्हणजे बादली-फडकं घेऊन नव्हे. द्राक्षबागेला औषध मारायचा पंप ट्रॅक्टरला जोडायचा आणि त्याचा फवारा थेट गाडीवर सोडायचा. चिखलच काय, रंगसुद्धा सुटेल असला त्याचा जोर. आण्णांनीही तेच केलं. इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात पाणी मारलं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आणि दिवाळी यायच्या आत गाडी सेल्फवर, म्हणजे नुसत्या बटणावर, लागायची बंद झाली.

दुसऱ्या कुणाची असती तर किक मारून चालवली असती. पण आण्णांच्या डाव्या अंगावरनं मागं एकदा वारं गेलं होतं. बोलणं परत आलं, चालणं आलं, डावा गुडघा मात्र भार घेईना. डाव्या पायावर उभं राहता येत नसेल तर उजव्यानं किक मारणार कशी? म्हणजे सेल्फ गेला की गाडी गेली, आणि गाडी गेली की मळ्यावरनं फाट्यावर जाणं गेलं. फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथं फौजेतनं रिटायर झालेले चार म्हातारे रोज सकाळी बसतात. आण्णांनी फौजेत जन्मभर ट्रक चालवले. तेवढी टपरी सोडली तर त्यांना आता दुसरं जग नव्हतं. आईचं म्हणणं वेगळं. "इकून टाका ती धोंड. माझ्या जिवाला घोर." पण आण्णा गाडी विकायला तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते.

मी सांगलीला, विश्रामबागेत राहते. फोनवर विचारलं, "सेल्फ दाबल्यावर टक् वाजतंय का?"

"न्हाई."

"नीट ऐका की आण्णा. बारीक वाजत आसंल."

"काय बी वाजत न्हाई. मुकी झालीया."

गावातल्या मेकॅनिकनं येऊन नवी बॅटरी घातली होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! माझं डोकंच फिरलं. रविवारी तडक मळ्यावर गेले. हॉर्न कानठळ्या बसतील असा वाजत होता, दिवा लख्ख. मग बॅटरीचा काय दोष? आमच्या गाडीला क्लच पुरता दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. मी क्लच दाबला, बटण दाबलं. टक्.

"हे काय, वाजतंय की!" मी म्हटलं.

"आसंल," आण्णा म्हणाले आणि बागेकडं बघत बसले. म्हाताऱ्याचे कान गेले, असं मी मनात धरलं आणि कामाला लागले.

हे काम मला त्यांनीच शिकवलेलं. आम्हाला भाऊ नाही, त्यामुळं पान्हे माझ्या हातात आले. टक् वाजतंय म्हणजे बटणापासून रिलेपर्यंत, मोटरला करंट सोडणाऱ्या डबीपर्यंत, करंट येतोय. रिलेच्या दोन जाड टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा धरला. चर्र करून ठिणगी उडाली, पण इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर ढिम्म. पान्ह्याच्या मुठीनं मोटरच्या अंगावर दोनचार टोले दिले, पुन्हा बटण दाबलं, तेव्हा ती अर्धा वेढा कण्हली आणि परत गप्प. बस्स. रोग सापडला. आधी बॅटरीची वजा बाजू सोडवली, मग मोटरची जाड वायर, मग दोन बोल्ट. त्यातला एक गंजून असा धरून बसलेला, की माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मुडदा बशिवला तुजा!" आई सैपाकघरातनं ओरडली, "आगं, लेकीच्या जातीनं काय बोलावं!" आण्णा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मोटर उघडली तर आत लालभडक गंजाचं पाणी. मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून त्यांच्या घरात चिकटलेले. मी ती आण्णांपुढं धरली. "ही बघा तुमची खंडेनवमी." त्यांनी बोटानं गंज पुसला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हंजे मोटारच गेलीती न्हवं? दुसरं काय न्हाई?"

"दुसरं काय असणार?"

"तेच म्हन्तो मी." त्यांना एवढं हायसं का वाटलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

जुनी मोटर दाखवल्याशिवाय नवी घेऊ नये, म्हणून ती सांगलीला नेली, तस्साच जोड घेतला आणि पुढच्या रविवारी पिशवीत घालून एसटीनं परत आले. आण्णांनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई मला हळूच म्हणाली, "पहाटंपास्नं तयार हायती. आज फाट्याला जानार म्हन्त्यात." तिला अजून काही बोलायचं होतं, पण आण्णा आले आणि ती आत गेली.

नव्या मोटरच्या रबरी रिंगेला ऑइल लावलं, हळूच आत सरकवली, दाते बसले. बसण्याची जागा, जिथनं मोटरला अर्थिंग मिळतं ती, आधी पॉलिश पेपरनं घासून पांढरी केली होती. बोल्ट, वायर, शेवटी बॅटरी. आण्णा शेजारी खुर्ची टाकून एकेक गोष्ट विचारत होते, परीक्षा घेतल्यासारखी. "अर्थ घासली? वायर इंजनाला टेकत न्हाई न्हवं?" मी चिडून म्हटलं, "तुमीच बसवा मग!" क्लच दाबला, बटणाला बोट लावलं न लावलं तोच गाडी फर्रकन लागली. आई दारात येऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी तेलकट हातानंच टाळी वाजवली.

गाडी बंद केली. "बसा आण्णा. तुमी लावा."

ते बसले. डावा हात क्लचवर ठेवला, उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं.

काही नाही. टक्सुद्धा नाही.

पुन्हा दाबलं. गाडी मुकीच. मी वाकून वायर हलवली, फ्यूज बघितला, मग हात लांब करून स्वतः क्लच दाबला आणि म्हटलं, "आता दाबा." गाडी लागली. मी क्लच सोडला, गाडी बंद केली, पुन्हा त्यांना दाबायला लावलं. काही नाही. आणि मग मी त्यांच्या हाताकडं बघितलं. चारी बोटं क्लचच्या दांडीवर होती, नखं पांढरी पडली होती आणि दांडी अर्ध्यात थांबली होती.

मोटर खरोखरच गेली होती. पण फोनवर ते मुकी म्हणाले तेही खरंच होतं. त्यांच्या हातानं टक् वाजतच नव्हतं; कान शाबूत होते.

"दसऱ्यापत्तूर दाबत हुतो की मी," आण्णा म्हणाले.

दारातनं आई म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ताट सुटलं डाव्या हातातनं. सांगू नगं म्हनाले."

"तू गप ग!" आण्णा तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडं न बघता हलक्या आवाजात म्हणाले, "ती क्लचखालची बारीक वायर हाय न्हवं? तिची दोन टोकं जोडून टाक. मग क्लचबिगर सेल्फ लागतोय. फौजेत आमी लय जोडल्यात."

जोडता आली असती. दोन मिनिटांचं काम, चिकटपट्टी माझ्या खिशातच होती. वायर मी हातातसुद्धा घेतली. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि मला वाटलं, जोडावी. जाऊ दे म्हाताऱ्याला फाट्यावर. सरळ तर रस्ता आहे. पण त्या रस्त्याला आता उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या.

मी शाळेत असताना आण्णा सुट्टीवर आले की मला गाडीवर बसवायचे, बंद गाडीवर. क्लच दाबायला सांगायचे आणि दांडी नि मुठीच्या मधल्या फटीत स्वतःचं बोट घालायचे. "बोट अडकलं पायजे. त्याबिगर किल्ली न्हाई." माझा हात एवढासा. मी दात-ओठ खाऊन दाबायची, आणि ते बोट हलवून दाखवायचे, मोकळंच. मी रडायची, भांडायची. त्यांच्या सबंध सुट्ट्या तशाच गेल्या. ज्या दिवशी ते "आयाया!" म्हणून ओरडले, त्या दिवशी किल्ली मिळाली.

मी वायर सोडली. त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि फटीत माझं बोट घातलं.

"दाबा आण्णा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. नाही म्हणाले नाहीत. दाबलं. मानेच्या शिरा फुगल्या, खांदा थरथरायला लागला, कपाळावर घाम आला. मी मनातल्या मनात म्हणत होते, अडकू दे, देवा, चेचून निघू दे बोट. बोट मोकळंच होतं. मी ते हलवून दाखवलं नाही. तरी त्यांना समजलं.

ते सावकाश उतरले, किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घिऊन जा सांगलीला. हितं ठिवलीस तर मी बसंन." मग शर्टाची बाही नीट करत म्हणाले, "पर आदी फाट्याला सोड. च्या पिऊन येऊ."

आपल्याच गाडीवर ते पहिल्यांदा मागं बसले. उजवा हात माझ्या खांद्यावर होता, डावा मांडीवर. टपरीवरचे म्हातारे उठून उभे राहिले. "आवं, झाली व्हय दुरुस्त?"

"झाली की. पोरीनं केली," आण्णा मोठ्यानं म्हणाले. "एका बटनात लागती."

"मग उद्या येताय न्हवं?"

आण्णांनी कप उजव्या हातात घेतला. "येतो की," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांना मळ्यावर सोडून मी गाडी सांगलीला घेऊन आले.